‘मेरेकू उदर नै जाना’ : सुटलेली बालवाडी आणि मुलांच्या मनात उरलेलं काही

सोलापूरसारख्या शहरातलं एक घर डोळ्यांसमोर आणू या. जून महिना. नवी शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेत. साडेचार वर्षांची मुलगी गणवेश घालून, डबा घेऊन खुशीत रिक्षात बसते. नवी शाळा तिला आवडलीय, नव्या बाईंचं नाव ती घरी सांगते, शिकवलेलं गाणं म्हणून दाखवते. पण रिक्षा एका ठरावीक गल्लीच्या तोंडाशी आली की ती अम्मीच्या बुरख्यात तोंड लपवते आणि रडायला लागते. “मेरेकू उदर नै जाना.” त्या गल्लीत तिची जुनी बालवाडी आहे. तिथलं जाणं उन्हाळ्याच्या सुट्टीतच बंद झालं. आता तिला तिकडे कुणी नेणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त तिला सोडून.

रात्री दस्तरखानावर विषय निघतो. दादी म्हणते, नजर लागली, मौलानांकडून दम करून आणा. अब्बू म्हणतात, नाटकं आहेत, दोन दिवस दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल. खालाला वाटतं, जुन्या बाईंची आठवण येत असेल, लळा होता तिला. आणि चाचा आवाज खाली करून विचारतात, “तिथं कुणी काही केलं तर नाही ना?” एवढं ऐकून अम्मीचा घास घशातच अडकतो.

चारही माणसं मुलीवर प्रेम करणारी आहेत. पण चौघांनी आपापलं उत्तर आधीच ठरवून टाकलंय. मुलीला मात्र अजून कुणी नीट विचारलेलं नाही. आणि विचारायचं कसं, हेही सोपं नाही. कारण आठवणीनं रडणारं मूल आणि भीतीनं रडणारं मूल बाहेरून अगदी सारखंच दिसतं.

‘जुनी’ शाळा म्हणजे नेमकी कधीची?

मोठ्यांच्या दृष्टीनं बालवाडी संपली म्हणजे संपली. फी भरणं थांबलं, दाखला घेतला, विषय मिटला. चार वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मात्र ‘संपणं’ ही गोष्ट अजून पक्की बसलेली नसते. त्याच्यासाठी जी इमारत अजून उभी आहे, जिचं निळं गेट अजून दिसतं, ती शाळा चालूच आहे. आणि चालू असलेल्या शाळेत आपल्याला कधीही पाठवलं जाऊ शकतं.

त्यात दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरांत भाषेचा एक खास गुंता आहे. मराठीत होऊन गेलेला दिवस ‘काल’ आणि येणारा दिवस ‘उद्या’. आपल्या बोलीत दोन्हीला ‘कल’च. ‘परसों’चंही तसंच. वाक्यातल्या क्रियापदावरून मोठ्यांना बरोबर कळतं, पण तीन-चार वर्षांच्या मुलाची ती समज अजून तयार होत असते. खरं तर पूर्ण मराठी बोलणाऱ्या घरातली मुलंसुद्धा या वयात सहा महिन्यांपूर्वीच्या गोष्टीला ‘काल’ म्हणतात. म्हणून “कल स्कूल जाना है, जल्दी सो जा” असं अम्मीनं म्हटलं की मुलीच्या मनात कुठली शाळा आली, हे आपल्याला सांगता येत नाही. ती रात्री झोपायला का तयार होत नाही, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

शिवाय घरात पुरावे पडलेले असतात. जुना गणवेश धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेला, कारण धाकट्याला होईल. जुन्या बालवाडीचं नाव असलेली बॅग, तीच यंदाही वापरात. अम्मीच्या फोनमध्ये अजून चालू असलेला जुना व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर येणारे फोटो. काही घरांत तर धाकटा भाऊ आता त्याच बालवाडीत जायला लागलेला असतो. आपण म्हणतो, तुझा काही संबंध नाही आता. मुलीला रोज सकाळी संबंध दिसतो.

आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात होते, ती कबूल करू या. डबा संपवला नाही, मोबाईल सोडला नाही, की आपण गमतीत म्हणून टाकतो, “ऐकलं नाहीस तर परत त्या शाळेत टाकीन बघ.” आपल्यासाठी तो विनोद असतो. पण चार वर्षांचं मूल आईबापाचं बोलणं शब्दशः घेतं. ज्या घरात हे वाक्य वापरलं जातं, तिथं बाकी सगळे उपाय करण्याआधी हे वाक्य बंद करावं.

आता का बोलतंय, तेव्हा का नाही?

पालकांना सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट ही. वर्षभर मूल निमूट गेलं. कधी तक्रार नाही. बाई म्हणायच्या, “खूप गुणी आहे, आवाजसुद्धा नसतो.” मग आता, शाळा सुटल्यावर, रडं कुठून आलं?

याचं एक कारण स्वतः तो निमूटपणाच असू शकतो. 1952 साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक फिल्म केली होती, दोन वर्षांची एक मुलगी आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहते त्याची. त्या काळी तिथं आईवडिलांना मुलांजवळ थांबू देत नसत, भेटीच्या वेळाही मोजक्या. डॉक्टर-नर्सेसचं म्हणणं असायचं की मुलं पहिले एक-दोन दिवस रडतात, मग रुळतात. रॉबर्टसन यांच्या कॅमेऱ्यात दिसलं ते वेगळंच होतं. मुलगी फारशी रडत नव्हती, रडू दाबत होती. शांत होणं म्हणजे रुळणं नव्हे, हे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी पुढं सातत्यानं मांडलं. त्यातूनच ब्रिटनमध्ये 1959 मध्ये मुलांच्या हॉस्पिटलमधल्या भेटीचे नियम सैल करण्याची शिफारस सरकारी समितीनं केली. आपल्या बालवाड्यांमध्ये अजूनही न रडणाऱ्या मुलाला ‘सेट झालं’ म्हणतात.

दुसरं कारण, मूल सांगतं ते सुरक्षित वाटल्यावर. जिथं रोज जायचंच आहे, तिथल्या बाईंबद्दल बोलण्याची हिंमत होत नाही. नव्या शाळेत पाणी सांडलं आणि बाईंनी नुसतं फडकं आणून पुसलं, की मुलाला पहिल्यांदा कळतं की असंही असू शकतं. तुलना करायला आता काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून उशिरा आलेली तक्रार खोटी, असा हिशोब लावू नये.

तिसरं, या वयाची आठवण आपल्यासारखी गोष्टीच्या क्रमानं येत नाही. मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांआधीचं फारसं काही आठवत नाही, म्हणून आपण समजतो की लहान मुलं विसरतात. पण चार वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षीचं आठवतं. फक्त ते तुकड्यांत आठवतं, आणि कशानं तरी चाळवलं गेलं की वर येतं. गल्लीचं वळण, फिनेलचा वास, विशिष्ट घंटेचा आवाज, कुणाच्या तरी बांगड्या. “काय झालं होतं?” असं घरी सोफ्यावर बसून विचारलं तर “काही नाही” येईल. तेच मूल बाहुल्यांशी खेळताना सगळं दाखवून देईल.

आठवण येत असेल तर

आधी खालाचं म्हणणं घेऊ, कारण तेच सर्वांत जास्त वेळा खरं निघतं आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. तीन वर्षांचं मूल घराबाहेर पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर बसलं असेल तर ती बालवाडीच्या बाईंच्या किंवा मदतनीस मावशींच्या. वर्ष-दोन वर्षं रोज तीन-चार तास. मग एक दिवस सुट्टी लागते आणि ते माणूस आयुष्यातून नाहीसंच होतं. कुणी निरोप घेत नाही, कुणी सांगत नाही. घरातलं कुणी इंतकाल पावलं तर आपण तीन दिवस बसतो, लोक भेटायला येतात, नाव निघतं. मुलाच्या वाट्याला आलेल्या या पहिल्या ताटातुटीला मात्र आपण नावही देत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आयुष्यातला एक छोटा प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता, त्याच्याशी तो खेळायचा. पक्षी मेला. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले तर मुलगा उदास बसलेला. त्यांनी कारण विचारलं आणि मग त्या मुलाकडे वळून, त्याला मोठ्या माणसासारखं ‘अबू उमैर’ म्हणून हाक मारत, त्याच्या पक्ष्याची प्रेमानं विचारपूस केली. “दुसरा आणू” नाही, “एवढ्याशा पक्ष्यासाठी कशाला रडतोस” नाही. एका चिमण्याएवढ्या जीवाचं दुःखही विचारण्यासारखं आहे, एवढं त्या मुलाला त्या दिवशी कळलं असणार.

तर जुन्या शाळेबद्दलही तसंच विचारता येतं. “मावशी तुला काय म्हणायच्या गं?” “तिथला घसरगुंडीचा रंग कुठला होता?” मूल बोलू लागलं, डोळ्यांत पाणी असलं तरी चेहरा उजळला, नावं घेऊ लागलं, तर ही बहुधा आठवण आहे. मग एक दिवस वेळ ठरवून तिला तिकडे घेऊन जा. ईद जवळ असेल तर शीरखुर्म्याचा डबा घेऊन जा. बाईंना आधी सांगून ठेवा की ती निरोप घ्यायला येतेय. एक फोटो काढा, छापून भिंतीला लावा. बरीच मुलं या एका भेटीनंतर गल्लीवरून जाताना हात हलवायला लागतात.

पण ही भेट जबरदस्तीनं कधीच घडवू नये. “चल, दाखवते तुला, तिथं काही भ्यायचं नाही” असं म्हणून रडत्या मुलाला गेटपर्यंत ओढत नेणं हा उपाय नव्हे. नाव काढताच मूल गप्प झालं, विषय बदलू लागलं, अंग आक्रसून घेतलं, तर ही वाट सोडा.

मोठ्यांना छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

भीती म्हटली की आपलं मन थेट सर्वांत वाईटाकडे धावतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पण साधं ते आपल्याला. मुलाला नव्हे.

सर्वांत वरचं कारण संडास. आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून पाण्यानं धुण्याची, तहारतची सवय लावतात. बालवाडीत कधी टमरेल नसतं, कधी नळाला पाणी नसतं, कधी धुवायला कुणी येत नाही. मूल मग चार तास रोखून धरतं. एखाद्या दिवशी कपड्यात होतं, बाकीची मुलं हसतात, बाई सगळ्यांसमोर ओरडतात. त्यात शब्दाची अडचण. घरी ‘पेशाब’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात ‘शू’ किंवा ‘सुसू’ म्हणायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते बाईंकडे बघत राहतं, बाईंना कळत नाही. कोकणातल्या मुस्लिम घरांत मुलं कोकणी-मराठीच बोलत असल्यानं तिथं ही अडचण कमी. सोलापूर, मराठवाडा, मालेगाव या पट्ट्यात मराठी किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाचे पहिले काही महिने मुक्यासारखे जातात.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या आदिवासी पाड्यांत बालवाडीचं काम केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. मूल रुळत नाही म्हणजे मुलात काही कमी आहे, असं त्यांनी धरलं नाही. आज तीन हजारांचा गणवेश आणि इंग्रजी गाणी असलेल्या नर्सरीत हे ध्यानात ठेवणारे थोडे.

बाकी कारणंही अशीच. डब्यात खिमा होता म्हणून वेगळं बसवलं. नाव धड उच्चारलं नाही, त्याची गंमत झाली. “पोलीस पकडून नेईल” म्हणून धमकावलं. जेवण कोंबलं. अंधाऱ्या खोलीत एकटं ठेवलं. आणि एक कारण, जे आपल्या बाजूचं आहे: एक दिवस रिक्षावाल्या मामांना उशीर झाला, सगळी मुलं गेली, बाई कुलूप लावायच्या तयारीत, आणि हे मूल एकटं पायरीवर अर्धा तास. आपण ते संध्याकाळीच विसरलो.

ओळख, धर्म, नाव यावरून मुलाला त्रास दिला गेला असेल का, ही भीती आजच्या दिवसांत मुस्लिम पालकांच्या मनात येतेच, आणि ती निराधार म्हणता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेनं वर्गातल्या मुलांकडून सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला थपडा मारायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. सर्वोच्च न्यायालयानं पुढं मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला समुपदेशनाची पद्धत सुचवायला सांगितलं, मार खाल्लेल्या मुलासाठी आणि मारायला लावलेल्या मुलांसाठीही. पण तो व्हिडिओ आठवून आपल्या मुलाच्या प्रत्येक रडण्यावर तोच अर्थ चिकटवू नये. आधी मुलाचं ऐकावं.

विचारायचं कसं

इथं घाई केली तर दोन्हीकडून नुकसान होतं. आपण सुचवलेलं उत्तर मूल देऊ लागतं आणि खरं काय ते कायमचं हरवतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या एका बालवाडीवर 1983 मध्ये अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यात पुन्हा पुन्हा तेच प्रश्न, उत्तर सुचवणारे प्रश्न, “बाकीच्यांनी तर सांगितलं” असं दडपण. खटला वर्षानुवर्षं चालला आणि 1990 मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपला. त्यानंतर स्टीफन सेसी, मॅगी ब्रक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या साक्षीवर बरंच काम केलं. एका प्रयोगात ‘सॅम स्टोन’ नावाचा पाहुणा बालवाडीत दोनच मिनिटं आला, काहीही न करता गेला. मग काही मुलांना त्याच्याबद्दल आधी-नंतर भरवलं गेलं की तो वेंधळा आहे, त्यानंच पुस्तक फाडलं ना, अस्वल मळवलं ना. तीन-चार वर्षांची बरीच मुलं पुढं तसंच सांगू लागली, तपशील जोडून. पण त्याच प्रयोगातली दुसरी बाजू पालकांनी जास्त लक्षात ठेवावी. ज्या मुलांना काही भरवलं नव्हतं आणि साधेपणानं विचारलं, त्यांनी बहुतांशी खरंच सांगितलं.

तेव्हा “बाईंनी मारलं का? कुठं मारलं? कुणी हात लावला का?” अशी सरबत्ती नको. “त्या शाळेत काय काय व्हायचं, मला सांग ना.” “मग?” “आणि नंतर?” एवढे प्रश्न पुरतात. तिच्याच बोलीत विचारा, मराठी किंवा इंग्रजी शब्दांत उत्तर मागू नका. चार पाहुण्यांसमोर नको, मोबाईलवर शूटिंग करत नको. एकानंच विचारावं. दादीनं, चाच्यांनी, शेजारच्या भाभींनी पुन्हा पुन्हा तेच विचारत बसू नये, कारण दर वेळी विचारलं की मुलाला वाटतं मागचं उत्तर चुकलं होतं. ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख टाकून कागदावर लिहून ठेवा. आणि तुमचा चेहरा सांभाळा. आई रडायला लागली की मूल आईला सावरायला गप्प होतं.

आपल्या कल्पनेतल्या घरात पुढं असं झालं असं समजू. अम्मी कपडे वाळत घालत होती, मुलगी जिन्यात बाहुल्यांची शाळा भरवत होती. एक बाहुली तिनं भिंतीकडे तोंड करून उभी केली. अम्मीनं सहज विचारलं, ही का गं अशी? “उसने पानी गिराया. उसको डब्बा नै.” मग? “सब खाए. वो नै खाई.” एवढंच. पाणी सांडलं म्हणून एका दिवशी, किंवा बऱ्याच दिवशी, मुलीला डब्याशिवाय भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. गुन्हेगारीची बातमी होण्यासारखं काही नाही. पण “नाटकं” मात्र नक्कीच नव्हती. अब्बूंनी त्या रात्री तिला जवळ घेऊन सांगितलं की पाणी सांडणं ही चूक नाही, तसं करणाऱ्या बाईंचं चुकलं, आणि त्या शाळेत तू आता कधीच जाणार नाहीस. दुसऱ्या दिवशी ते बालवाडीत जाऊन बोलूनही आले, कारण तिथं दुसऱ्यांची मुलं अजून आहेत. गल्लीतलं रडणं एका दिवसात थांबलं नाही. पंधरा दिवस लागले, मधल्या काळात रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं न्यायला लावली.

इथं कुणी म्हणेल, एवढ्या शिक्षेचं काय मनावर घ्यायचं, आम्हीही मार खाऊनच शिकलो. ज्याच्या ताब्यात मूल दिलेलं आहे त्यानं मुलाला मारणं, छळणं, उपाशी ठेवण्यासारखी हेळसांड करणं हा बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 नुसार गुन्हा ठरू शकतो. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं केलं तर शिक्षा आणखी कडक, पाच वर्षांपर्यंत.

चाचांचा प्रश्न

तो प्रश्न हळू आवाजात विचारला गेला, पण विचारला हे बरं झालं. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवाडीच्या वयाच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास बसवून ठेवलं गेलं, आणि 20 ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या मुली बोलल्या आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, म्हणून ते बाहेर आलं.

काही खुणा दिसल्या तर वाट बघू नये. शरीराच्या खासगी भागात दुखणं, जखम, लघवीला जळजळ. अंघोळ घालताना, कपडे बदलताना अचानक घाबरणं. वयाला न शोभणारा लैंगिक खेळ किंवा शब्द. एका विशिष्ट माणसाचं नाव निघताच थिजणं. “हे कुणाला सांगायचं नाही” अशी भाषा. अंथरुणात पुन्हा शू होणं, बोलणं कमी होणं, भयानक स्वप्नं ही नुसत्या शाळा बदलानंही होऊ शकतात, पण वरच्या खुणांबरोबर असतील तर त्यांचं वजन वाढतं.

असं असेल तर मुलाची उलटतपासणी घरी करू नका. “तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं म्हणून डॉक्टर आणि पोलीस. पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय. आई-वडील सोबत असतात. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाष्या मिळतो. आपल्या दखनी बोलणाऱ्या मुलांसाठी हे मागून घ्या. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते आणि त्यासाठी आधी एफआयआर झालाच पाहिजे असं नाही. मुलाची ओळख छापायला बंदी आहे. चाइल्ड हेल्पलाइन 1098 कुठल्याही वेळी लागते, पोलिसांसाठी 112.

‘बदनामी होईल, मोहल्ल्यातच मिटवून टाकू’ हा सल्ला जमातीतले ज्येष्ठ चांगल्या हेतूनंही देतात. पण अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोखाली स्वतंत्र गुन्हा आहे. बैठक घेऊन तो मिटत नाही.

आणि बालवाडीच्या जागी मक्तब असेल तर? हे लिहिताना हात अडखळतो, पण आपल्याच माध्यमात लिहिलं नाही तर कुठं लिहायचं. बऱ्याच घरांत चार-पाच वर्षांचं मूल असरनंतर मक्तबला जातं. त्यानं जुन्या उस्तादांचं नाव काढताच रडायला सुरुवात केली, तर आपण शाळेबद्दल जे प्रश्न विचारतो ते विचारत नाही. दीनची गोष्ट आहे, उस्तादांची इज्जत आहे, कुरआन शिकताना थोडा मार चालतो, असं म्हणतो. ज्या हजरत अनस (रजि.) यांचं नाव वर आलं, ते लहान वयात प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षं राहिले. त्या दहा वर्षांत प्रेषितांनी (स.) आपल्याला कधी साधं ‘उफ्फ’सुद्धा म्हटलं नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय. छडीचं समर्थन करणाऱ्यांनी यापुढं कुणाचा आधार द्यायचा, हे त्यांनीच ठरवावं. कायदा तर शाळा आणि मक्तब यांत फरक करतच नाही.

नव्या शाळेत

साध्या आठवणीचं किंवा छोट्या भीतीचं रडणं काही आठवड्यांत कमी होत जातं. महिना उलटूनही वाढतच असेल, खाणं-झोप बिघडली असेल, शिकलेलं बोलणं मागं पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांमध्ये मुलांच्या वाढीच्या अडचणींसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, तिथं तपासणी मोफत होते. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायचं तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे, त्यावर मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. दादींना दुआ आणि दम करायचं असेल तर जरूर करावं. आजीनं डोक्यावर हात ठेवून काही पढलं तर मुलाला बरंच वाटतं. फक्त तेवढ्यावर थांबू नये.

जुना गणवेश काही महिने डोळ्यांआड ठेवा, बॅग बदलता आली तर बदला, तो व्हॉट्सॲप ग्रुप सोडा. आणि नव्या बाईंना पाच मिनिटं भेटून या. मागच्या ठिकाणी काय झालं ते थोडक्यात सांगा, दोष देण्याच्या सुरात नको. मुलगी घरी कुठली बोली बोलते, पाण्याला, संडासला, दुखण्याला, भुकेला काय म्हणते, ते चार-पाच शब्द एका चिठ्ठीवर लिहून द्या. टमरेल आहे का, मदतीला मावशी येतात का, हे लाज न बाळगता विचारा. न्यायला कोण येणार आणि उशीर झाला तर मुलगी कुणाजवळ थांबेल, हेही तिच्यासमोरच ठरवा, म्हणजे तिला ऐकू येईल.